घोड्याला विचारलंय का?

दिवाळीच्या फराळाचे डबे रिकामे झाले, की आपल्याकडच्या बायकांच्या मागं एक नवं काम लागतं. माळ्यावरच्या वाकळा, रग, स्वेटर, कानटोप्या खाली काढायच्या, त्यांना गच्चीवर नाहीतर अंगणात ऊन दाखवायचं, उसवलेलं शिवायचं. लहानग्यांना काय लागेल, म्हाताऱ्या सासू-सासऱ्यांना काय लागेल, याचा हिशेब आपल्या डोक्यात पक्का असतो. पण ज्या घराच्या दारात घोडं बांधलेलं आहे, त्या घरातल्या बाईला याच दिवसांत आणखी एक प्रश्न पडतो. या मुक्या जनावराच्या अंगावर काय घालायचं?

तुम्ही म्हणाल, आता घोडी राहिलीत कुठं? जरा आजूबाजूला बघा. महाबळेश्वरला वेण्णा लेकवर, पाचगणीच्या टेबल लँडवर पर्यटकांना फिरवून आणणारी घोडी आहेत. सांगली-मिरजेकडं लग्नसराईत वरातीला घोडी लागते. फलटण, माण, खटाव, आटपाडी, जत या भागांतल्या मेंढपाळांचं बिऱ्हाड आजही तट्टांच्या पाठीवरून हलतं, आणि त्या तट्टावर ओझं लादून त्याचा कासरा धरून चालणारी बहुतेक वेळा बाईच असते. आषाढी वारीत चांदोबाच्या लिंबाच्या रिंगणात माउलींचा अश्व दौडला, की त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावणारी आपण माणसं. घोडं आपल्याला परकं नाही.

बचत गटाच्या कामानिमित्त महाबळेश्वर-पाचगणी रस्त्यालगतच्या वाड्यांवर माझं जाणं असतं. मागच्या एका थंडीत गटाच्या बैठकीत कर्जाचे अर्ज वाचत होतो. कुणाला शिलाई मशीन, कुणाला मुलीची फी. एका भाभींच्या अर्जात कारण लिहिलं होतं, ‘घोड्यांची तीन ब्लँकेटं’. दोघी-तिघी हसल्या. एकजण म्हणाली, “अगं भाभी, माणसांना पुरेनात आणि घोड्याला ब्लँकेट?” भाभी शांतपणे म्हणाल्या, “घोडं पडलं तर माझी चूल पडती ताई.” मग कुणी हसलं नाही. दिवाळी, नाताळ, मे महिना या हंगामावर त्यांचं वर्ष निघतं. त्यात घोडं आठ-पंधरा दिवस आजारी पडलं, तर येणं बंद आणि औषधाचा खर्च वेगळा.

पैसे द्यायचे का नाही, हा प्रश्नच नव्हता. कशावर द्यायचे, हा होता. म्हणून पुढच्या बैठकीला आम्ही जनावरांच्या एका डॉक्टरांनाच बोलावलं. त्यांनी पहिलाच प्रश्न विचारला, “घोड्याला विचारलंय का?” बायका पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. पण डॉक्टरांनी थट्टा केली नव्हती.

थंडी नक्की कुणाला वाजते?

नॉर्वेमधल्या संशोधकांनी खरोखरच घोड्यांना हे विचारून बघितलं. त्यांनी २३ घोड्यांना फळ्यांवरच्या खुणा शिकवल्या. एका खुणेचा अर्थ ‘पांघरूण घाल’, दुसरीचा ‘काढ’ आणि कोऱ्या फळीचा ‘आहे तसंच राहू दे’. घोड्यानं नाकानं ज्या फळीला स्पर्श करायचा, तसं माणसानं वागायचं. दोन आठवड्यांत सगळे घोडे हे शिकले. २०१६ साली ही माहिती प्रसिद्ध झाली. पाऊस, वारा आणि गारठा असला, की घोडे पांघरूण मागायचे. हवा चांगली असली, की ‘काढा’ म्हणायचे. म्हणजे घोड्याला त्याचं कळतं. आपण मात्र आपल्याला हुडहुडी भरली, की त्यालाही भरली असेल, असं धरून चालतो.

देवानं घोड्याला स्वतःची वाकळ दिलेली आहे. दिवस लहान व्हायला लागले, की त्याच्या अंगावर दाट, लांब केस यायला सुरुवात होते. गारठा वाढला, की आपल्या अंगावर काटा येतो तसे हे केस ताठ उभे राहतात आणि त्यांच्यात हवा अडकते. ही हवाच ऊब धरून ठेवते. आपल्यासारख्या बेताच्या थंडीत राहणारं, पोटभर खाणारं, धडधाकट घोडं अंग कोरडं असेल आणि वारा लागत नसेल, तर साधारण ५ अंश सेल्सिअसपर्यंतची थंडी आरामात काढतं. बर्फाळ देशांतली सवयीची घोडी तर शून्याच्या खालीही उघड्यावर राहतात.

आता आपल्याकडचं बघू. सांगली, मिरज, तासगावकडं पहाटे कितीही गार वाटलं, तरी पारा सहसा इतका खाली जात नाही. महाबळेश्वरची गोष्ट वेगळी. सुमारे साडेचार हजार फूट उंची, आणि थंडीची लाट आली की वेण्णा लेक, लिंगमळा भागात दहिवर गोठून गवतावर, गाड्यांच्या टपावर पांढरा थर बसतो. अशा रात्री उघड्या माळावर वाऱ्यात बांधलेल्या घोड्याला आधार लागू शकतो. एकाच जिल्ह्यात फलटणच्या घोड्याला जे लागत नाही, ते वेण्णाकाठच्या घोड्याला लागेल. म्हणून शेजारणीनं घेतलं म्हणून आपणही घ्यायचं, हे इथं चालत नाही.

झूल कुणाला लागतेच?

आपल्याकडं जनावराच्या पांघरुणाला झूल म्हणतात. बेंदराला बैलावर आरसे लावलेली घालतो ती शोभेची झूल. मी सांगतेय ती उबेची. ती कुणाला लागते, हे डॉक्टरांनी बोटांवर मोजून दाखवलं. म्हातारं घोडं, ज्याचे दात झिजलेत आणि कडबा नीट चावता येत नाही. बरगड्या दिसणारं, अशक्त घोडं. नुकतंच आजारातून उठलेलं. लहान शिंगरू. उष्ण मुलखातून थंडीच्या तोंडावर विकत आणलेलं, ज्याला इथले केस अजून आलेले नाहीत. आणि देखणं दिसावं म्हणून ज्याचे केस भादरलेत ते. त्याची स्वतःची वाकळ आपणच काढून घेतली, तर दुसरी द्यायला नको का?

यात आणखी एक मेख आहे. हिवाळ्यातल्या दाट केसांखाली घोडं वाळलेलं डोळ्यांना कळत नाही, झुलीखाली तर अजिबातच नाही. म्हणून आठवड्यातून एकदा बरगड्यांवरून हात फिरवायचा. बोटांना मांसाचा पातळ थर लागून खाली बरगडी जाणवली तर ठीक. नुसती हाडं लागली, तर आधी खुराक वाढवायचा.

घोड्याला थंडी वाजते आहे, हे कसं ओळखायचं? ते थरथर कापतं. शेपूट दाबून घेतं, पाठ वाऱ्याकडं करून अंग आखडून उभं राहतं, खाण्यावरून तोंड काढतं. नुसते कान गार लागले म्हणून घाबरायचं नाही. तळहात खांद्याच्या मागं, केसांच्या आत घालून बघायचा. तिथं कोमट, कोरडं लागलं, तर घोडं मजेत आहे. केस ताठ उभे आहेत, हेही काळजीचं कारण नाही. उलट त्याची सोय ते नीट करतं आहे, असं समजायचं.

कापड कुठलं?

बैठकीत सगळ्यात जास्त चर्चा यावरच झाली. कारण ज्याच्या घरात जे, ते घोड्यावर पडतं. एकेकाचा हिशेब बघू.

ताडपत्री किंवा प्लास्टिक: यानं पाऊस, दहिवर अडतं खरं, पण घोड्याच्या अंगातली वाफही आतच कोंडते. सकाळी काढली की आतून घाम निथळतो आणि ओल्या अंगाला गार वारा लागतो. ताडपत्री छपराला बांधा, घोड्याला नको.

सोलापुरी चादर: कोरडी आहे तोवर छान. पण सुती कापड पाणी पितं आणि मग लवकर वाळत नाही. दहिवरात भिजलेली चादर घोड्यावर ठेवणं म्हणजे ओल्या फडक्यात गुंडाळणं. छपराखाली, कोरड्या जागी चालेल.

गोणपाट: हे पिढ्यान्‌पिढ्या वापरतात. स्वस्त आहे आणि हवा खेळती राहते. पण ओल धरतं आणि खरखरीत असल्यानं खांद्यावर केस घासून टक्कल पडतं. आतून जुन्या सुती लुगड्याचं अस्तर लावलं, तर काम भागतं.

मऊ, केसाळ ब्लँकेट: बाजारात पाहुण्यांसाठी घेतो ते. दिसायला उबदार, पण गवत, केस, शेण सगळं चिकटतं, धुवायला जड जातं आणि घोडं लोळलं की खाली सरकून पायात येतं.

घोंगडी: आपल्या माणदेशाचं हे खरं वैभव. दख्खनी मेंढीची लोकर, सनगरांनी मागावर विणलेली, चिंचोक्याच्या खळीनं ताठ केलेली. लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ तिसरा हिस्सा ओलावा पोटात घेते, तरी हाताला ओली लागत नाही. थोडी दमट झाली तरी ऊब सोडत नाही आणि आतली वाफ बाहेर जाऊ देते. आपले मेंढपाळ ऊन, वारा, पाऊस सगळं एका घोंगडीवर काढतात ते उगीच नाही. घोड्याला तर ती उत्तमच. फक्त दख्खनी लोकर चरबट असते, म्हणून खांदा आणि छाती घासते तिथं आतून मऊ कापड शिवायचं. आणि मुसळधार पावसात घोंगडी भिजून जड होते, तेव्हा ती छपराखालीच वापरायची.

तयार मिळणारी घोड्याची झूल: मोठ्या शहरांत घोड्यांच्या सामानाच्या दुकानात मिळते. घेताना दोन आकडे विचारायचे. पहिला, आतलं भरण किती ग्रॅमचं. काहीच भरण नसलेली नुसती वाऱ्या-पावसाची, १०० ते १५० ग्रॅमची हलकी, २०० ते २५० ची मध्यम आणि ३०० च्या वरची जड. जड झूल बर्फाच्या देशासाठी. आपल्या भागात ती घालून घोडं उकडून निघेल. महाबळेश्वरलाही ज्याला गरज आहे त्या घोड्याला हलकी झूल सहसा पुरते. दुसरा आकडा डेनियरचा, म्हणजे वरचं कापड किती दणकट. ६०० च्या पुढचं असलं, तर काट्याकुट्यांत लवकर फाटत नाही. आणि पाणी अडवणारी असली, तरी आतली वाफ बाहेर सोडते का, हे विचारल्याशिवाय पैसे मोजू नका.

माप ब्लाउजचं घेतो तसंच घ्या

शिवणकाम येणाऱ्या मैत्रिणींना हे लगेच समजेल. घोडं सपाट जागेवर सरळ उभं करायचं. टेप छातीच्या मध्यावर धरायची, खांद्यावरून, पोटाच्या कडेनं सरळ मागं, मागच्या मांडीच्या टोकापर्यंत न्यायची. ते झुलीचं माप. आपल्याकडच्या लहानखुऱ्या घोड्यांचं ते बहुधा पाच ते सहा फुटांच्या आसपास भरतं. पण अंदाजपंचे नको. टेप लावाच.

झूल मोठी झाली, तर सरकून पायात अडकते आणि घोडं बिथरतं. लहान झाली, तर खांद्याला काचते. मानेच्या मुळाशी जो हाडाचा उंचवटा असतो, तिथं झुलीचा भार येता कामा नये. तिथली जखम लवकर भरत नाही, आणि तेवढे दिवस खोगीरही घालता येत नाही. खोगीर नाही म्हणजे रोजगार नाही. छातीशी आणि खांद्याशी सपाट तळहात सहज आत गेला पाहिजे. पोटाखालच्या पट्ट्यात आणि पोटात तळहाताच्या रुंदीइतकं अंतर हवं. लांबी पोट झाकेल एवढी, गुडघ्याच्या खाली नको. बांधायला सुतळी वापरू नका, ती कातडीत रुतते. रुंद नवारीची पट्टी आणि पटकन सुटणारं बक्कल लावा.

ज्यांना शिवणं जमतं, त्यांनी अंगावर घ्यायच्या जुन्या घोंगडीला लुगड्याचं अस्तर लावून घरीच झूल करावी. ज्या हातांना वाकळ शिवता येते, त्यांना हे अवघड नाही.

घातली म्हणजे झालं, असं नाही

पर्यटकांच्या घोड्यांची संध्याकाळची शेवटची फेरी सूर्यास्त बघायची असते. घोडं घामानं निथळतं आणि नेमका गारठा त्याच वेळी उतरतो. दया येऊन लगेच वर झूल टाकली, तर घाम आतच राहतो. आधी दहा-पंधरा मिनिटं सावकाश चालवायचं, कोरड्या गवताच्या मुठीनं नाहीतर गोणपाटानं अंग चोळायचं, अंग सुकलं की मग झूल. “घोडं थंडीनं न्हाई, घामानं आजारी पडतंय,” असं गटातल्या एक म्हाताऱ्या मामी म्हणाल्या. डॉक्टरांनीही मान डोलावली.

दिवस वर आला की झूल काढायची. दिवसा ऊन लागलं तर अंगावर राहू द्यायची नाही. रोज एकदा खरारा करताना खांदा, छाती, पाठ बघायची. केस गेलेत का, पुरळ आलंय का, उवा झाल्यात का. झूल रोज उन्हात टाकायची. घोंगडी असेल तर काठीनं झटकायची, सारखी साबणात घालायची नाही.

आणि एका घोड्याची झूल दुसऱ्याला घालायची नाही. झुलीतून, खराऱ्यातून नायटा पसरतो. तो घोड्यावरून माणसालाही होतो, मग घरातल्या पोरांच्या अंगावर चट्टे उठतात. नाक वाहणाऱ्या, घशाखाली गाठ आलेल्या घोड्याची झूल, बादली, लगाम सगळंच वेगळं ठेवायचं आणि डॉक्टरांना बोलवायचं. जनावरांच्या फिरत्या दवाखान्यासाठी १९६२ हा सरकारी क्रमांक आहे. आपल्या सातारा जिल्ह्यात शिरवळला तर पशुवैद्यकीय महाविद्यालयच आहे. निरोगी घोड्याचं अंगातलं टेम्परेचर ९९ ते १०१ फॅरनहाइटच्या आसपास असतं. ते बघायला शिकलात, तर निम्मी काळजी मिटते.

खरी शेगडी पोटात

डॉक्टरांची एक गोष्ट सगळ्याजणींच्या मनात बसली. घोड्याच्या मोठ्या आतड्यात गवत, कडबा मुरत राहतो आणि त्यातून उष्णता तयार होते. ही त्याची शेगडी. तिला सरपण म्हणजे कडबा, वाळलं गवत. ३०० किलोच्या घोड्याला दिवसाला साधारण साडेचार ते सहा किलो कोरडा चारा लागतोच. थंडीच्या रात्री त्यात थोडी भर घालायची. चंदीची मूठ वाढवण्यापेक्षा रात्रीसाठी कडब्याची एक पेंढी जास्त टाकलेली बरी.

पाण्याचंही तसंच. गारठ्यात घोडं पाणी कमी पितं, शेण घट्ट होतं आणि मग पोटशूळ उठतो. पुढच्या पायानं जमीन उकरणं, सारखं वळून पोटाकडं बघणं, लोळणं ही त्याची लक्षणं. तिथं घरगुती उपाय करत बसू नका, लगेच डॉक्टर. ते टाळायला पाणी कोमट करून द्यावं. चुलीवर आपल्या आंघोळीचं पाणी तापतंच, त्यातला एक तांब्या घोड्याच्या बादलीत गेला तर काय बिघडलं?

वाऱ्याच्या बाजूला एक आडोसा करावा, मग तो पत्र्याचा असो, नाहीतर पाचटाच्या ताटीचा. खाली कोरडं गवत किंवा पाचट अंथरावं. पण सगळीकडून बंद करून आत शेकोटी पेटवू नये. धूर आणि मुताचा उग्र वास घोड्याची छाती बिघडवतो. वरून हवा जायला जागा हवीच.

बिऱ्हाड घेऊन रानोमाळ फिरणाऱ्या धनगर बायांच्या तट्टांना कुठं ब्लँकेट असतं? ती भीमथडीची काटक जात. कर्नालच्या राष्ट्रीय संस्थेनं गेल्या काही वर्षांत स्वतंत्र जात म्हणून तिची नोंदही केली आहे. पण काटक म्हणून त्यांचे हाल करावेत, असं नाही. उतरलेलं ओझं, कोरडी पाठ आणि पोटभर चारा मिळाला, तर बाकीचं ती स्वतः बघतात.

भाभींच्या अर्जाचं पुढं काय झालं, तेही सांगते. डॉक्टर त्यांच्या दारात जाऊन तिन्ही घोड्यांच्या अंगावरून हात फिरवून आले. दोन तरणी घोडी धडधाकट होती, त्यांना झुलीची गरज नव्हती. तिसरी म्हातारी घोडी झुलीखाली ठेवावी, असं ठरलं. गटानं कर्ज मंजूर केलं, पण तीन ब्लँकेटांसाठी नाही. एका घोंगडीच्या झुलीसाठी, वाऱ्याच्या बाजूच्या पत्र्यांसाठी आणि उरलेल्या पैशांत कडब्यासाठी. झूल गटातल्याच एकीनं शिवून दिली, आणि तिलाही चार पैसे मिळाले. त्या थंडीत तिन्ही घोड्यांनी एकही खाडा केला नाही.

ज्यांच्या दारात घोडं नाही, अशा मैत्रिणींनाही एक सांगणं आहे. मार्गशीर्षात मुलाची वरात काढाल, तेव्हा घोडी तासन्‌तास बँडपुढं मखमली, चमचमत्या झुलीत उभी असते. ती मखमल तिला घाम आणते, ऊब देत नाही. नवरा मुलगा उतरला, की घोडेवाल्याला म्हणा, “दादा, आधी तिची झूल काढा, अंग पुसा.” नातवाला महाबळेश्वरला घोड्यावर बसवाल, तेव्हा आधी खोगिराच्या कडेला जखम तर नाही ना, एवढं वाकून बघा. जखम दिसली तर त्या घोड्यावर बसवू नका, आणि का बसवत नाही, हेही मालकाला सांगा. गिऱ्हाईक बोलायला लागलं, की फरक पडतो.